‘चोवीसपर्यंत चालतं’ म्हणजे नेमकं कधीपर्यंत?

*पत्र लिहिणारी वाचक नाशिकरोडची आहे. नाव छापू नका, अशी तिची विनंती आहे. वय २२ वर्षं ९ महिने. ऑगस्टमध्ये २३ पूर्ण होतील. इंजिनिअरिंग पहिल्या वर्गात झालं आणि गेले दहा महिने ती हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते. लहानपणी गच्चीवरून ‘एअर फोर्सची हेलिकॉप्टरं’ बघत बसायची, तेव्हापासून पायलट व्हायचं मनात आहे. बारावीनंतर मात्र सगळ्यांसारखी इंजिनिअरिंगला गेली. ‘तेव्हाच ठाम राहिले असते तर,’ ही टोचणी तिला आजही आहे. मागच्या वर्षी एनडीएतून, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. तो व्हिडिओ पाहिल्यापासून तिचं कामात लक्ष लागत नाही. बाबा म्हणतात, चांगली नोकरी लागलीय, आता हे काय नवं खूळ? आधी लग्न होऊ दे, मग सासरच्यांना विचारून काय ते कर. एक स्थळ बघायचं घरात घाटतंय. तिने तीन प्रश्न विचारलेत. मला उशीर झालाय का? तयारीसाठी वर्षभर नोकरी सोडू का? आणि हे खरंच उडण्याचं वेड आहे, की नोकरीचा कंटाळा?*

तुझं पत्र वाचताना एका वाक्याशी मी थांबले. तू लिहितेस, ‘एअर फोर्सला चोवीसपर्यंत चालतं, म्हणजे माझ्याकडे अजून सव्वा वर्ष आहे.’ ताई म्हणून लिहिलंयस, तर आधी याबद्दलच स्पष्ट सांगते. सव्वा वर्ष नाहीये तुझ्याकडे. काही आठवडे आहेत.

हवाई दलाच्या फ्लाइंग ब्रँचची वयोमर्यादा २० ते २४ आहे हे बरोबर. पण ते वय अर्ज भरताना किंवा परीक्षेच्या दिवशी मोजत नाहीत, प्रशिक्षण सुरू होतं त्या तारखेला मोजतात. पदवीधरांसाठी असलेली एएफकॅट ही परीक्षा वर्षातून दोनदा होते. एकीची जाहिरात साधारण जूनच्या सुमारास येते आणि तिचा कोर्स पुढच्या वर्षी जुलैत सुरू होतो. दुसरीची जाहिरात वर्षाच्या शेवटी येते आणि तिचा कोर्स पुढचं अख्खं वर्ष उलटल्यावर जानेवारीत. म्हणजे अर्ज आणि कोर्स यांच्यात वर्ष-सव्वा वर्षाचं अंतर पडतं.

आता तुझा हिशोब मांडू. येत्या जूनमध्ये अर्ज केलास, तर पुढच्या वर्षी १ जुलैला तू २३ वर्षं १० महिन्यांची असशील. बसतेस. डिसेंबरपर्यंत थांबलीस, तर त्या कोर्सच्या जानेवारीत तू २४ वर्षं ४ महिन्यांची झालेली असशील. तिथे फॉर्मच स्वीकारला जाणार नाही. पायलट म्हणून थेट हवाई दलात जायची तुला एकच संधी उरली आहे, आणि ती दारात येऊन उभी आहे. जाहिरातीत जन्मतारखेची चौकट दिलेली असते, ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत जन्मलेले’. ती चौकट स्वतःच्या डोळ्यांनी वाच. मी सांगितलं म्हणून किंवा क्लासवाल्याने सांगितलं म्हणून धरून चालू नकोस.

हे मुद्दाम सविस्तर लिहितेय, कारण ‘चोवीसपर्यंत चालतं’ या समजुतीवर निर्धास्त राहून दार बंद झाल्यावर लिहिलेली पत्रं माझ्याकडे नेमाने येतात. वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या मनात हे असेल त्यांनी साधं गणित लक्षात ठेवावं: अर्ज करण्याच्या सुमारास तेवीस पूर्ण झाले असतील, तर या दारातून बहुधा आत जाता येत नाही. अपवाद डीजीसीएचं, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं, चालू व्यावसायिक वैमानिक परवानापत्र असणाऱ्यांचा. त्यांना २६ पर्यंत मुभा आहे. पण तो परवाना मिळवायला २०० तास उड्डाण लागतं आणि खर्च लाखांच्या घरात, तोही मोठ्या आकड्यात जातो. दोन वर्षं वाढवून मिळावीत एवढ्यासाठी घर गहाण टाकून तो घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. आणि इंटरनेटवर ‘तेहतिसाव्या वर्षी फायटर पायलट’ अशा गोष्टी दिसतात, त्या अमेरिकेच्या असतात. तिथल्या हवाई दलाची मर्यादा ३३ आहे. आपली नाही.

या हिशोबाने तुझा दुसरा प्रश्न परस्परच सुटतो. नोकरी सोडायची का? कशासाठी सोडायची? तुला वर्षभर अभ्यास करायचाच नाहीये. अर्ज जूनमध्ये, परीक्षा त्यानंतर दोन-अडीच महिन्यांत. दोन तासांत शंभर प्रश्न, बरोबर उत्तराला ३ गुण, चुकलं तर १ वजा. इंग्रजी, सामान्यज्ञान, अंकगणित, बुद्धिमापन. चार वर्षं इंजिनिअरिंगचं गणित घासलेल्या मुलीला यातलं अंकगणित जड जाणार नाही. वेळ लावून पेपर सोडवायची सवय आणि सामान्यज्ञान एवढंच कमी पडेल. हिंजवडीच्या बसमध्ये रोज जाणारे दोन-तीन तास त्याला पुरतात. निवड झाली तरी रुजू व्हायचं पुढच्या जुलैत, तेव्हा कंपनीचा नोटीस पिरियडही आरामात पुरा होईल. मुलाखतीसाठी पाच-सहा दिवस रजा लागेल. तेवढी रजा साठवून ठेव. बाबांशी होणारं निम्मं भांडण ‘नोकरी सोडणार’ या शब्दावरून आहे, आणि ते शब्द उच्चारायची सध्या गरजच नाही.

आता त्या टोचणीबद्दल. ‘बारावीलाच ठाम राहिले असते तर.’ अगं, कशावर ठाम राहिली असतीस? तू बारावी झालीस २०२१ मध्ये, कोरोनात, परीक्षा न देता. ऑगस्टच्या सुरुवातीला तुमचा निकाल लागला. तोवर एनडीएचं दार मुलींना बंदच होतं. १८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने मुलींना परीक्षेला बसू द्या असा अंतरिम आदेश दिला, आणि नोव्हेंबरात पहिल्यांदा मुलींनी तो पेपर दिला. तोवर तू इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडच्या याद्या बघत होतीस. आणि त्या वर्षी संपूर्ण देशातून मुलींसाठी जागा किती होत्या? एकोणीस. त्यातल्या हवाई दलाच्या फ्लाइंगसाठी फक्त २. ज्या सतरा मुली ३० मे २०२५ ला खडकवासल्याहून बाहेर पडल्या, त्या या फटीतून आत गेलेल्या आहेत. त्यांचं कौतुक करावं तेवढं थोडंच. पण त्यांच्याकडे बघून स्वतःला करंटी ठरवू नकोस. सतरा वर्षांच्या ज्या मुलीला तू दोष देतेस, तिच्यासमोर दार नव्हतं. भिंत होती. शेवटच्या क्षणी त्या भिंतीला कुणीतरी दार पाडलं, आणि तुला ते दिसलं नाही, एवढंच.

आणखी एक. ‘उशीर’ हा शब्द तू एनडीएच्या मुलांच्या हिशोबाने वापरतेस. हैदराबादजवळ दुंडिगलला हवाई दलाची अकादमी आहे, तिथे तुझ्या कोर्समध्ये एएफकॅट देऊन आलेले सगळे पदवीधरच असतील, एकवीस ते चोवीस वर्षांचे. नागपूरच्या अंतरा मेहता इंजिनिअरिंग करूनच तिथे गेल्या आणि २०१९ मध्ये फायटर पायलट म्हणून बाहेर पडल्या. तू त्या वर्गात थोरली असशील, आजी नसशील.

तिसऱ्या प्रश्नावर मला जास्त बोलायचंय. वेड की कंटाळा? असं विचारलंस, जणू दोन्हीतलं एकच खरं असू शकतं. दहा महिने स्क्रीनसमोर बसून ज्याचा जीव उबला नाही असा माणूस विरळाच, आणि त्या उबगातून जुनी इच्छा वर आली तर ती खोटी कशी? पण तुला खरा त्रास देणारा प्रश्न वेगळाच आहे, असं मला वाटतं. माझ्या धाकट्या भावाची गोष्ट सांगते, म्हणजे कळेल.

त्यालाही पायलटच व्हायचं होतं. बी.एस्सी.नंतर लेखी परीक्षा पास झाला, एएफएसबीला, म्हणजे हवाई दलाच्या निवड मंडळाच्या मुलाखतीला गेला आणि पाच दिवसांच्या सगळ्या चाचण्या पार करून ‘रेकमेंड’ही झाला. मग शेवटी पायलटची खास चाचणी होती. तेव्हा तिला पीएबीटी म्हणत, आता संगणकावर घेतात आणि सीपीएसएस म्हणतात. हात, पाय, डोळे एका वेळी किती शांतपणे चालतात, हे त्यात बघतात. त्यात तो पास झाला नाही. ती चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालात, तर फ्लाइंग ब्रँचला पुन्हा कधीच अर्ज करता येत नाही. त्याने फॉर्मवर पसंती लिहिताना फ्लाइंग सोडून दुसरी एकही शाखा भरली नव्हती. ‘उडायचं नाही तर काहीच नको,’ असं मित्रांना सांगून गेला होता. पहाटे पुणे स्टेशनला मी त्याला आणायला गेले होते. छातीवर बांधायचा नंबराचा कापडी तुकडा त्याने परत द्यायच्या ऐवजी चुकून खिशात तसाच आणला होता. रिक्षात तो मुठीत धरून बसला होता. घर येईपर्यंत एक शब्द बोलला नाही. पुढे कित्येक वर्षं लोहगावचं सुखोई डोक्यावरून गेलं की सगळे वर बघायचे आणि हा चपलांकडे बघायचा.

खूप नंतर, त्याची मुलं मोठी झाल्यावर, एकदा म्हणाला, “मला विमान चालवायचं होतं, का गणवेश हवा होता, का ‘पायलट’ म्हणवून घ्यायचं होतं, हे फॉर्म भरताना मी स्वतःला विचारलंच नाही. दुसरी शाखा भरली असती तर आज कदाचित सैन्यात असतो. मला ते आवडलंही असतं.”

तर तुलाही हेच विचारते. उद्या पायलट म्हणून घेतलं नाही, पण हवाई दलात अधिकारी म्हणून, तंत्रज्ञान शाखेत किंवा प्रशासनात घेतो म्हणाले, तर जाशील? उत्तर लगेच ‘हो’ आलं, तर तुला सैन्याचं आयुष्य हवंय आणि विमान ही त्यातली सगळ्यात उंच फांदी आहे. मग तुझ्यासाठी वय अजून बरंच शिल्लक आहे. उत्तर ‘नाही, मला उडायचंच आहे’ असं आलं, तर तेही चांगलंच. पण मग सैन्य हाच एक रस्ता नाही, आणि नागरी विमानाचा परवाना तिशीतही काढता येतो. आणि उत्तर आलं की ‘मला फक्त या ऑफिसातून सुटायचंय’, तर नोकरी बदल. त्यासाठी चौदा वर्षं देशाला देण्याची गरज नाही.

चौदा वर्षं हा आकडा उगाच लिहिला नाही. एएफकॅटमधून फ्लाइंगला मिळतं ते शॉर्ट सर्व्हिस कमिशन, चौदा वर्षांचं. अकादमीतलं प्रशिक्षण सव्वा-दीड वर्षाचं धरलं, तर तू पंचविशीत फ्लाइंग ऑफिसर म्हणून बाहेर पडशील आणि एकोणचाळीस-चाळिशीत घरी येशील. पेन्शन नाही. पैसा मात्र वाईट नाही: प्रशिक्षणातच दरमहा ५६,१०० रुपये विद्यावेतन, पुढे पगारावर १५,५०० रुपये मिलिटरी सर्व्हिस पे, शिवाय उड्डाणाचा भत्ता. चाळिशीत बरेच जण डीजीसीएच्या परीक्षा देऊन एअरलाइन्समध्ये जातात. पण चाळिसाव्या वर्षी पुन्हा नव्याने सुरुवात करायची आहे, हे आजच मनात धरून चाल. आणि रोजचा दिवस? व्हिडिओत दिसतो तो संचलनाचा एक तास. बाकीचे दिवस पहाटे पळणं, वर्गात हवामान आणि इंजिनं शिकणं, पिलाटस या प्रशिक्षण विमानाच्या कॉकपिटमध्ये प्रशिक्षकाची बोलणी खाणं, आणि आज आपलं उड्डाण बरं झालं नाही हे रात्री वहीत प्रामाणिकपणे लिहिणं. त्यातूनही काहींना उड्डाण प्रशिक्षणातून काढतात. तुला फायटर, ट्रान्सपोर्ट की हेलिकॉप्टर हे तू ठरवत नाहीस, तुझं उड्डाण बघून ते ठरवतात. हे सगळं वाचून पोटात गोळा आला, तर बिघडत नाही. गोळा येऊनही ‘चालेल’ वाटलं, तर ते वेड खरं आहे.

आता हेलिकॉप्टरांकडे येते. तुझ्या पत्रातला हा भाग मला फार आवडला: संध्याकाळी गच्चीत वाळत घातलेल्या पापडांवर राखण बसायचं, आणि हेलिकॉप्टर इतकं खालून जायचं की पापडांवरची ओढणी उडायची. पण बाळ, ती हवाई दलाची नव्हती. नाशिकरोडला गांधीनगरला जे आहे ते भूदलाचं वैमानिक प्रशिक्षण केंद्र. आर्मी एव्हिएशन. तुझ्या डोक्यावरून जायची ती चीता आणि चेतक, आणि त्यात बसलेले शिकाऊ वैमानिक लष्कराचे कॅप्टन, मेजर असायचे. बहुतेक जण आधी तोफखान्यात, सिग्नल्समध्ये, हवाई संरक्षणात काही वर्षं नोकरी करून, मग स्वेच्छेने अर्ज करून आलेले. म्हणजे तू ज्यांच्याकडे बघून पायलट व्हायचं ठरवलंस, त्यांच्यातले बरेचसे ‘उशिरा’च आलेले होते!

मुलींना त्या केंद्रात वैमानिक म्हणून २०२१ पर्यंत प्रवेश नव्हता. मग मे २०२२ मध्ये कॅप्टन अभिलाषा बराक तिथूनच भूदलाच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक म्हणून बाहेर पडल्या. त्याही इंजिनिअर. २०१८ मध्ये आर्मी एअर डिफेन्समध्ये अधिकारी झाल्या, आणि वैमानिकाच्या विंग्ज मिळाल्या तेव्हा सव्वीस वर्षांच्या होत्या. तुझ्या घरापासून काही किलोमीटरवर हे घडलं.

हा रस्ता तुझ्यासाठी अजून खुला आहे. भूदलात इंजिनिअर मुलींना शॉर्ट सर्व्हिस टेक्निकल एंट्रीने २७ पर्यंत जाता येतं. लेखी परीक्षा नसते. पदवीच्या गुणांवरून थेट एसएसबीला, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाच्या मुलाखतीला बोलावतात. यात धोका एकच, आणि तो लहान नाही: तिथे तू पायलट म्हणून जात नाहीस, अधिकारी म्हणून जातेस. शाखा ते देतील ती. एव्हिएशनसाठी कधी, कोणत्या शाखेतून अर्ज करता येईल ते सैन्य वेळोवेळी ठरवतं. वैद्यकीय आणि पायलट चाचणी पुन्हा आहेच. वैमानिक झालेच नाही तर दहा-चौदा वर्षं सिग्नल्समध्ये किंवा ईएमईत (यंत्रदुरुस्तीच्या शाखेत) आनंदाने काढेन का, याचं उत्तर ‘हो’ असेल तरच या वाटेला जा. माझ्या भावाने हा प्रश्न विचारला नव्हता, म्हणून तुला पुन्हा पुन्हा विचारतेय.

बाकीच्या वाटा थोडक्यात. नौदलातही मुली पायलट होतात. तिथेही लेखी परीक्षा नाही, पण जन्मतारखेची चौकट हवाई दलासारखीच आवळलेली असते, त्यामुळे जाहिरात आली की त्याच दिवशी बघ. तटरक्षक दलाची मर्यादा २१ ते २५ आहे, पण त्या वेळी मुलींसाठी जागा आहेत का ते जाहिरातीत बघ. एएफकॅटच्याच अर्जात ग्राउंड ड्युटीच्या शाखा असतात, त्यांना २६ पर्यंत चालतं. तिथेही मन असेल, तर पसंतीक्रमात त्या नक्की भर. त्यातली नवी वेपन सिस्टिम्स शाखा तू जरूर वाचून बघ. वैमानिकाविना उडणारी विमानं आणि क्षेपणास्त्रं तिच्याकडे आहेत. शिवाय दोन आसनी विमानात मागे बसून शस्त्रं हाताळणारे अधिकारीही त्याच शाखेचे.

आता घर. बाबांचं म्हणणं, आधी लग्न, मग काय ते. त्यांना रागावून काही सांगू नकोस, जाहिरातीतली ओळ दाखव: पंचविशीच्या आतल्या उमेदवाराचं लग्न झालेलं चालत नाही, आणि प्रशिक्षण चालू असताना लग्न केलं तर बाहेर काढतात, वर प्रशिक्षणाचा खर्चही वसूल करतात. ‘आधी लग्न, मग पायलट’ हा क्रम नियमातच नाही. बऱ्याच वडिलांना मुलीचा हट्ट पटत नाही, पण छापील नियम पटतो. सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या माणसाला तर नक्कीच. स्थळाला ‘नाही’ म्हणायला सांगू नकोस. पुढच्या जानेवारीपर्यंत थांबा एवढंच माग. तोवर परीक्षा, मुलाखत, वैद्यकीय यांचा बहुतेक निकाल लागलेला असेल. मुदत ठरलेली असली की घरचे थांबतात. बेमुदत थांबणं त्यांना जमत नाही, आणि खरं तर कुणालाच जमत नाही.

आणि बाबा घाबरलेत, हे तू पत्रात कुठेच लिहिलं नाहीस. ‘खूळ’ हा शब्द बहुधा भीतीचा असतो. लष्करी विमानं पडतात, माणसं जातात, ती बातमी आपल्याकडे पहिल्या पानावर येते, आणि ज्याची मुलगी त्यात बसणार आहे त्याने ती वाचलेली असते. ‘काही होत नाही हो बाबा’ असं म्हणू नकोस. होतं. जवळ बसून म्हण, “मलाही भीती वाटते, तरी करून बघायचंय.” हे वाक्य त्यांना खोटं वाटणार नाही.

या आठवड्यात करायच्या गोष्टी सांगते. पहिली गोष्ट, डोळे. अर्जाच्या आधी डोळ्यांच्या चांगल्या डॉक्टरकडे जा आणि स्पष्ट सांग की लष्करी वैमानिकाच्या निकषांवर तपासायचंय. चष्मा नाही असं तू लिहिलंयस, पण दहा महिने स्क्रीनपुढे बसल्यावर पाव-अर्धा नंबर नकळत येतो, आणि फ्लाइंगला लांबचं दिसण्याचा नंबर अजिबात चालत नाही. रंगांधळेपणाचीही तपासणी करून घे. (ज्या वाचकांना नंबर आहे त्यांच्यासाठी: लेझर शस्त्रक्रिया केलेले उमेदवार अटींवर चालतात, पण ती विसाव्या वर्षानंतर झालेली हवी आणि तिला किमान वर्ष उलटलेलं हवं, शिवाय बुबुळाच्या मापांच्या अटी आहेत. ऐन परीक्षेच्या तोंडावर ती करून घेऊन उपयोग नाही.) दुसरी गोष्ट, पळायला लाग. अकादमीत पोचताना १.६ किलोमीटर १० मिनिटांत, १० पुशअप आणि ३ चिनअप यायला हवेत अशी अपेक्षा असते. पळणं महिन्याभरात जमेल. पण आयुष्यात कधी दांड्याला न लोंबकळलेल्या मुलीला तीन चिनअपना चार-पाच महिने लागतात, म्हणून ते आजपासून. तिसरी गोष्ट, पुढच्या वेळी घरी येशील तेव्हा नाशिकरोडचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र बघून ये. एसएसबीच्या मुलाखतीची तयारी तिथे महाराष्ट्रातल्या मुलामुलींना राहण्या-जेवण्यासकट फुकट करून देतात. तुला कोणत्या अटीवर घेतील ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचार. लाखभर फी घेणाऱ्या क्लासच्या आधी हे बघ.

मुलाखतीसाठी ‘आदर्श उत्तरं’ पाठ करू नकोस. ‘पायलट का व्हायचंय?’ याला पापडांची आणि ओढणीची गोष्ट सांग. ती हेलिकॉप्टरं कुणाची होती हे आता माहीत झालंय, तेही सांग.

एक माप उरलं. उंची १६२.५ सेंटिमीटर हवी. तुझी १६४ आहे. पण कॉकपिटमध्ये पाय पेडलला पोचायला लागतात, म्हणून पायांची लांबीही मोजतात, ९९ सेंटिमीटरपासून १२० पर्यंत. उंची पुरेशी असूनही यात काही जण अडकतात, आणि त्यांना ते तिथे गेल्यावर कळतं. रविवारी घरी आलीस की जमिनीवर भिंतीला पाठ आणि कंबर अगदी चिकटवून ताठ बस, पाय सरळ पसर, गुडघा वर येऊ देऊ नकोस. भिंतीपासून टाचेपर्यंतचं अंतर मोजायचं. स्वतःचं स्वतःला मोजता येत नाही, वाकलं की पाठ सुटते. आईला टेप धरायला सांग, आणि दुसरं टोक बाबांना. आकडा काय आला, ते मला कळव.